प्रख्यात आणि उत्पाद्य : हॅलोवीनच्या भयगृहांतील कथावस्तू

ख्रिस्ती पंचांगात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस मानला जातो. त्याच्या आदल्या रात्री, म्हणजे ३१ ऑक्टोबर रोजी, हॅलोवीन नावाचा लोकोत्सव पाळण्याची रूढी आहे. आयर्लंड व स्कॉटलंड येथील वसाहतकऱ्यांबरोबर अमेरिकेत गेलेला हा उत्सव मुळात घरगुती आहे. मुलांनी भुताखेतांची सोंगे घ्यावीत आणि दारोदार खाऊ मागत हिंडावे, एवढाच त्याचा विस्तार. परंतु गेल्या अर्धशतकात तेथील मोठ्या करमणूक-उद्यानांनी, म्हणजे ज्यांना थीम पार्क म्हणतात त्यांनी, या एका रात्रीचे स्वतंत्र हंगामात रूपांतर केले आहे. शरदऋतूतील निवडक रात्री उद्यानाचा दिवसाचा कारभार आटोपतो, वेगळे तिकीट काढून आलेल्या लोकांसाठी दरवाजे पुन्हा उघडतात, आणि आत ठिकठिकाणी उभारलेल्या भयगृहांपुढे रांगा लागतात. कित्येकदा तासाहून अधिक काळ उभे राहावे, आणि आत चार-पाच मिनिटे चालून बाहेर पडावे, असा हा व्यवहार आहे.

या भयगृहांचे दोन वर्ग पडतात. काहींची कथावस्तू एखाद्या गाजलेल्या चित्रपटावरून किंवा दूरचित्रवाणीवरील मालिकेवरून घेतलेली असते; काहींची उद्यानाच्या कलावंतांनी स्वतः कल्पिलेली असते. कोणता वर्ग श्रेष्ठ, याविषयी तेथील शौकिनांत वर्षानुवर्षे वाद चालू आहे. वाद हौशी असला, तरी त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न संस्कृत नाट्यशास्त्राच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. धनंजयाने 'दशरूपका'त वस्तूचे तीन प्रकार सांगितले आहेत : इतिहास-पुराणांतून आलेली ती प्रख्यात, कवीने स्वतः कल्पिलेली ती उत्पाद्य, आणि दोहोंच्या संकरातून झालेली ती मिश्र. 'शाकुंतला'ची वस्तू प्रख्यात, 'मृच्छकटिका'ची उत्पाद्य. चित्रपट हे आधुनिक समाजाचे पुराण आहे असे मानले, तर हा विभाग या भयगृहांना जवळजवळ जसाच्या तसा लागू पडतो. मात्र नाटकाच्या बाबतीत प्रख्यात वस्तूने रसाला बाध येत नाही. दुष्यंताला अंगठी सापडणार हे ठाऊक असूनही प्रेक्षक सातवा अंक तन्मयतेने पाहतो. भयाच्या बाबतीत तसे म्हणता येईल काय, हा येथे खरा प्रश्न आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहणे आवश्यक आहे. कॅलिफोर्नियातील डिस्नीलँडमध्ये 'हाँटेड मॅन्शन' ही भुतांची हवेली ९ ऑगस्ट १९६९ रोजी उघडली. तिचा बाह्य भाग १९६३ सालीच बांधून झाला होता. पण आत काय असावे हे ठरेना, म्हणून ती सहा वर्षे रिकामीच उभी होती. वॉल्ट डिस्ने यांचे १९६६ मध्ये निधन झाले. मागे राहिलेल्या कलावंतांपैकी मार्क डेव्हिस यांचा कल विनोदाकडे, तर क्लॉड कोट्स यांचा कल गूढ वातावरणनिर्मितीकडे होता. शेवटी पूर्वार्ध गंभीर आणि उत्तरार्ध खेळकर अशी तडजोड झाली. ही हवेली कोणत्याही चित्रपटावर आधारलेली नव्हती, आणि तिला धड अशी कथाही नव्हती. तथापि ती आजवर टिकून आहे. हॅलोवीनच्या हंगामाची सुरुवात मात्र दुसरीकडे झाली. ब्यूना पार्क येथील नॉट्स बेरी फार्म या उद्यानाने १९७३ साली प्रथम असा उत्सव भरविला. तेथे आजतागायत स्वतःच्या कल्पनेतून निघालेल्या भयगृहांचेच प्राबल्य आहे. फ्लॉरिडातील ऑरलँडो येथील युनिव्हर्सल स्टुडिओज हे उद्यान १९९० मध्ये सुरू झाले आणि १९९१ च्या ऑक्टोबरात तेथे 'फ्राइट नाइट्स' या नावाने तीन रात्रींचा उत्सव झाला. पुढील वर्षापासून त्याला 'हॅलोवीन हॉरर नाइट्स' हे नाव मिळाले. ड्रॅक्युला आणि फ्रॅंकेन्स्टाइन यांचे १९३१ चे बोलपट ज्या कंपनीने काढले, तिच्याच या उद्यानाने पहिल्या वर्षी एकच भयगृह उभारले होते. आणि ते 'डन्जन ऑफ टेरर', म्हणजे एक सर्वसाधारण तळघर होते. चित्रपटांचा वारसा घरात असताना प्रारंभ उत्पाद्य वस्तूने व्हावा, ही गोष्ट लक्षणीय आहे.

कथावस्तूचा विचार करण्यापूर्वी भयगृहाची रचना समजून घेतली पाहिजे. कारण वादातील पुष्कळसा गोंधळ तिच्या अज्ञानातून निर्माण होतो. इंग्रजीत या वास्तूंना चक्रव्यूहवाचक शब्द वापरतात, पण तो शब्दशः खरा नाही. आत वाट एकच असते. तिला फाटे नसतात, आणि कोणी चुकण्याचा संभव नसतो. आपल्याकडील चकवा वाटसरूला रानात रात्रभर फिरवितो. येथील चकवा त्याला वेळेवर बाहेर काढतो. एका रात्रीत हजारो लोकांना आतून न्यावयाचे असल्यामुळे प्रेक्षकांची एक अखंड माळ सतत पुढे सरकत असते. वाटेच्या कडेला काळ्या पडद्यांत व भिंतींत लहान लहान फटी ठेवलेल्या असतात. तेथे दडलेला नट पायाखालची कळ दाबतो, त्यासरशी ठरलेला आवाज होतो, दिवा लखलखतो, आणि नट बाहेर झेपावतो. क्षणार्धात तो परत आत जातो, कारण माळेतील पुढची माणसे येऊन ठेपलेली असतात. प्रेक्षकाचे लक्ष एका बाजूच्या देखाव्याकडे वेधून दुसऱ्या बाजूने धक्का देणे हे या कलेतील मुख्य कौशल्य होय. ही कामगिरी इतकी दमविणारी असते की, एकाच भूमिकेसाठी नटांचे एकाहून अधिक संच ठेवावे लागतात आणि ते आळीपाळीने कामावर येतात.

या रचनेतून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. चित्रपट काळात चालतो. भयगृह अवकाशात उभे असते. चित्रपटात कोणते दृश्य आधी, कोणते नंतर, त्यावर किती क्षण डोळा ठरवावा, हे सारे दिग्दर्शकाच्या हाती असते. भयगृहात प्रत्येक खोलीतील प्रसंग पुन्हा पुन्हा, त्याच त्या क्षणाला अडकून पडल्यासारखा, घडत राहतो. आणि प्रेक्षक त्यात केव्हाही येऊन दाखल होतो. कोणाला झेप दिसते, कोणाला नटाची पाठमोरी आकृती दिसते. त्यामुळे ज्या चित्रपटांचे भय संथपणे साचत जाण्यावर अवलंबून आहे, ते येथे आणताना मोठी अडचण होते.

ऑरलँडो व हॉलिवूड येथील युनिव्हर्सलच्या दोन्ही उद्यानांत २०१६ मध्ये 'द एक्झॉर्सिस्ट' या चित्रपटावर भयगृहे उभारली गेली. विल्यम फ्रीडकिन यांचा हा १९७३ चा चित्रपट एका मुलीच्या शयनगृहात घडतो असे म्हटले तरी चालेल. तिच्या देहात शिरलेल्या सैतानी शक्तीपेक्षा आईची वाढती हतबलता आणि दोन धर्मगुरूंचा श्रद्धेशी चाललेला झगडा यांतच त्याची भीषणता आहे. चालत्या माळेला यांपैकी काहीच दाखविता येत नाही. म्हणून त्या भयगृहात तेच शयनगृह पुन्हा पुन्हा उभारावे लागले : कधी पलंग हवेत, कधी मुलगी हवेत, कधी भिंतीला तडे. चित्रपट पाहिलेल्या प्रेक्षकाला प्रत्येक खोली ओळखीची वाटली. पण ओळख पटणे आणि भय वाटणे या दोन भिन्न मनोव्यापारांत गल्लत होता कामा नये.

येथे साहित्यशास्त्रातील एक भेद उपयोगी पडतो. अकस्मात झालेल्या आघाताने दचकणे यास 'त्रास' असे नाव असून त्याची गणना तेहतीस व्यभिचारी भावांत केली आहे. 'भय' हा मात्र स्थायी भाव होय. त्रास क्षणात येतो व क्षणात विरतो. कळ, दिवा आणि झेप यांच्या योगाने तो कोणत्याही भयगृहात उत्पन्न करता येतो. त्याला कथावस्तूची गरज नाही. परंतु एका झेपेपासून दुसऱ्या झेपेपर्यंतच्या अंधाऱ्या वाटेत मनात जे काही टिकून राहते ते भय, आणि ते टिकविण्याचे काम कथावस्तूचे आहे. चित्रपटाधिष्ठित गृहात हे सूत्र प्रेक्षक आपल्याबरोबरच घेऊन येतो. त्याला पात्रे ठाऊक असतात, घर ठाऊक असते, कोणत्या दारामागे कोण आहे हेही बहुधा ठाऊक असते. यातून त्याला जो आनंद होतो तो पुनःप्रत्ययाचा आनंद होय. तो हलका लेखण्याचे कारण नाही. पडद्यावर पाहिलेल्या घरात प्रत्यक्ष पाऊल टाकण्याचे अप्रूप खरे आहे, आणि दारावर गर्दी खेचते ती याच अप्रुपामुळे. तथापि ज्या ज्ञानाने पुनःप्रत्यय संभवतो, त्याच ज्ञानाने भयाची धार बोथट होते, हेही तितकेच खरे आहे. शिवाय ज्यांच्याकडे चित्रपटाचे हक्क असतात त्यांच्या संमतीविना पात्राचे रूप किंवा प्रसंग यांत फेरफार करता येत नाही. म्हणजे कल्पकाला आश्चर्याची सोय फार थोडी उरते.

याला अपवाद आहेत, आणि ते अपवादच बोधप्रद आहेत. जॉन लँडिस यांचा १९८१ चा 'अॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन' हा चित्रपट २०१३ मध्ये ऑरलँडो येथे भयगृहाच्या रूपाने आला. त्या उत्सवाच्या इतिहासातील उत्कृष्ट गृहांत त्याचा उल्लेख आजही होतो. हा चित्रपट स्वभावतःच स्थलांतून पुढे सरकणारा आहे : उजाड माळरान, रुग्णालय, भाड्याचे घर, भुयारी रेल्वे, आणि अखेर पिकॅडिली चौक. ही स्थाने ओळीने मांडली की वाट आपोआप तयार होते. लांडग्यासाठी सोंग घेतलेल्या नटाऐवजी नटांनी आतून चालविलेल्या प्रचंड बाहुल्या वापरल्यामुळे माणसाच्या आकाराचे भान सुटत असे. या गृहाच्या यशाचे श्रेय चित्रपटाच्या कीर्तीला देण्याची प्रथा आहे. वस्तुतः त्याच्या भूगोलाला ते दिले पाहिजे.

उत्पाद्य वस्तूच्या अडचणी याच्या नेमक्या उलट असतात. प्रेक्षकाला काहीच ठाऊक नसते. चार-पाच मिनिटांत त्याला जग, संकट आणि शत्रू या तिन्हींची ओळख करून द्यावयाची असते, आणि तीही संवादावाचून, कारण किंकाळ्या व कर्णकर्कश आवाजांत शब्द ऐकू येत नाहीत. म्हणून अशा गृहाचे दर्शनी बांधकाम हाच त्याचा नांदीश्लोक ठरतो. २०११ मधील 'नाइटिंगेल्स : ब्लड प्रे' या गृहाचे उदाहरण घेता येईल. पहिल्या महायुद्धातील खंदक, चिखल, जखमी सैनिक. आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका. या परिचारिका म्हणजे दुर्बलांवर जगणारी, माणसाचे रूप घेतलेली श्वापदे होत. ही कल्पना एका वाक्यात सांगता येते, आणि सांगितली नाही तरी दुसऱ्या खोलीत समजते. शुश्रूषा करणारा हात हाच घातकी आहे, हे एकदा कळल्यावर पुढील प्रत्येक पांढऱ्या वस्त्राची धास्ती वाटू लागते. त्रासाचे भयात रूपांतर होते ते असे. २०१८ च्या 'डेड एक्स्पोझर : पेशंट झीरो' या गृहाने तर प्रेक्षकाच्या दृष्टीलाच हात घातला. वाट जवळजवळ संपूर्ण काळोखाची. मधूनच प्रकाशाचा झोत, आणि त्या क्षणी अगदी जवळ उभे असलेले प्रेत. कथानक म्हणून येथे फारसे काही नाही. परंतु हे भय पडद्यावर उत्पन्न करता येणार नाही. त्यासाठी माणसाला त्या वाटेवर चालावेच लागेल. याच अर्थाने उत्पाद्य गृहे ही या कलेची स्वतंत्र संपत्ती होय.

अर्थात उत्पाद्य म्हणजे चांगले असे समीकरण मांडता येणार नाही. विदूषक, वेड्यांचे इस्पितळ, शापित स्मशान यांची आवृत्ती अनेक उद्यानांत दरवर्षी निघते. नावाने नवी आणि वस्तूने जीर्ण अशा या गृहांपुढे एखादे चित्रपटाधिष्ठित गृह ताजे वाटले, तर नवल नाही. मनोरुग्णांना भयवस्तू करण्याच्या प्रघातावर टीकाही झाली आहे आणि ती रास्त आहे. याशिवाय एक तिसरी खाण आहे, तिचा विचार या वादात क्वचितच होतो, ती लोककथेची. मेक्सिकोतील 'ला योरोना', म्हणजे बुडालेल्या मुलांसाठी आक्रोश करीत फिरणारी स्त्री, २०११ साली हॉलिवूडच्या आणि २०१३ साली ऑरलँडोच्या उत्सवात अवतरली. सिंगापूरच्या युनिव्हर्सल उद्यानात २०१८ मध्ये मलय लोकसमजुतीतील 'पोंतियानाक', म्हणजे बाळंतपणात मृत्यू आलेल्या स्त्रीचे भूत, आणि जपानच्या काबुकी रंगभूमीवर १८२५ पासून गाजलेली 'ओइवा' या दोघींची स्वतंत्र गृहे होती. पोंतियानाकचे वर्णन वाचताना मराठी वाचकाला हडळीची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. योरोना काय किंवा पोंतियानाक काय, वस्तू प्रख्यात आहे खरी, परंतु तिचे रूप कोणा एका नटीच्या चेहऱ्याने बांधून टाकलेले नाही. प्रत्येकाने आजीकडून ऐकलेली हडळ निराळी असते. म्हणून तिला ओळखूनही माणूस भितो. चित्रपटाला जे दोन्ही एकाच वेळी साधत नाही, ते लोककथेला साधते.

ऑरलँडो येथील २०१८ च्या उत्सवात एकूण १० गृहे होती. त्यांपैकी ५ चित्रपट वा मालिका यांवर आधारलेली आणि ५ स्वतंत्र. हॉलिवूडच्या उद्यानात, २००६ साली तेथे हा उत्सव पुन्हा सुरू झाल्यापासून, चित्रपटांचे पारडे स्पष्टपणे जड राहिले आहे. ऑरलँडोचा समतोल ज्या ५ स्वतंत्र गृहांनी राखला, त्यांत 'स्लॉटर सिनेमा' हे एक होते. ते मोटारीत बसून चित्रपट पाहण्याच्या एका उघड्या चित्रपटगृहात घडते, आणि त्यातील प्रत्येक खोली एका हलक्या दर्जाच्या भयपटातील आहे. गंमत अशी की, यांपैकी एकही चित्रपट कोणी कधी काढलेला नाही. भित्तिपत्रके, नावे, राक्षस सारे कल्पित. तरीही प्रेक्षकाला ते आठवल्यासारखे वाटते. विशिष्ट चित्रपटाची नव्हे, तर चित्रपट-जातीची स्मृती येथे कामास लावली आहे. याचा दुसरा भाग २०२४ मध्ये आला. मिश्र वस्तूचे दुसरे उदाहरण २०२१ चे. जेम्स व्हेल यांच्या १९३५ च्या 'ब्राइड ऑफ फ्रॅंकेन्स्टाइन' या बोलपटात ती वधू शेवटच्या काही मिनिटांपुरतीच दिसते आणि स्फोटात सारे संपते. भयगृहाने ती वाचली असे कल्पून तेथून पुढे आरंभ केला. भवभूतीने रामकथेचा शेवट बदलण्याचे धाडस केले, त्याच जातीची ही मोकळीक होय; धाडसाची मात्रा अर्थातच लहान आहे. याहून चमत्कारिक प्रकार २००९ चा आहे. 'द वुल्फमॅन' या चित्रपटावरील गृह त्या वर्षीच्या उत्सवात उभे राहिले, आणि चित्रपट प्रदर्शित झाला तो फेब्रुवारी २०१० मध्ये. कथावस्तू चित्रपटाची, पण प्रेक्षकाला ती उत्पाद्यासारखीच अनोळखी! यावरून असे दिसून येते की, वस्तू कोठून आली यापेक्षा प्रेक्षक काय जाणून आत शिरतो, हा विभाग अधिक मूलगामी आहे.

या दृष्टीने पाहिले असता 'जॅक' या विदूषकाचा प्रवास अभ्यासण्याजोगा आहे. २००० साली ऑरलँडोच्या उत्सवासाठी हे पात्र निर्माण करण्यात आले. त्याला चित्रपटाचा आधार नव्हता. सर्कशीतला खुनी विदूषक, एवढीच त्याची ओळख. त्याच्या पूर्वकथेत डॉ. ऑडफेलो नावाचा सर्कशीचा एक मालक येत असे. २००७ मध्ये न्यू लाइन या कंपनीच्या चित्रपटांतील फ्रेडी, जेसन व लेदरफेस हे तिघे खलपुरुष भयगृहांत आले, तेव्हा उत्सवाचे यजमानपद जॅककडेच होते. चित्रपटसृष्टीतील दिग्गज या घरच्या विदूषकाचे जणू पाहुणे ठरले. पुढे २०१५ च्या पंचविसाव्या उत्सवात त्याचे स्वतःचे गृह झाले. २०२३ मध्ये तर त्याच्या कथेतील तो गौण मालक, ऑडफेलो, उत्सवाचा नायक बनला. अशा रीतीने एका पिढीच्या अवधीत उत्पाद्य वस्तू प्रख्यात झाली. तिची पुराणे निर्माण झाली, उपकथा निघाल्या, जाणकार उत्पन्न झाले. आणि त्याबरोबरच पुनःप्रत्ययाचा आनंद व बोथटलेली धार हे दोन्ही तिच्या वाट्याला आले. आज जॅकला पाहून लोक किंचाळत नाहीत, टाळ्या वाजवितात.

प्रवाह उलट दिशेनेही वाहतो. ज्या 'हाँटेड मॅन्शन'ला कथा नव्हती, तिच्यावर २००३ आणि २०२३ असे दोनदा चित्रपट निघाले. २००१ पासून डिस्नीलँडमधील त्या हवेलीवर दरवर्षी हॅलोवीनपासून नाताळपर्यंतच्या हंगामात 'द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस' या १९९३ च्या चित्रपटाचा साज चढविण्यात येतो. मूळ देखावे त्याखाली झाकले जातात, परंतु नष्ट होत नाहीत. हंगाम संपला की साज उतरतो आणि हवेली पूर्ववत होते.

ऑरलँडोच्या भयगृहांना हे भाग्य नाही. तेथील गृहे चित्रीकरणाच्या मोठ्या दालनांत व तात्पुरत्या मंडपांत एका हंगामापुरती बांधली जातात, आणि उत्सव संपताच मोडली जातात. नॉट्स बेरी फार्ममध्ये एखादे गृह काही वर्षे चालते एवढाच फरक. चित्रपटावरील गृह मोडले तरी त्याची मूळ संहिता, म्हणजे चित्रपट, कोठेही पुन्हा पाहता येतो. गृहाचे यशापयश त्याच्याशी ताडून पाहता येते. उत्पाद्य गृहाला अशी दुसरी संहिताच नाही. ते गृह हीच त्याची संहिता, हाच त्याचा प्रयोग. छायाचित्रात काळोख येत नाही, आणि चलच्चित्रात पाठीमागचा नट येत नाही. नाइटिंगेल्स नावाची ती श्वापदे २०१९ मध्ये परत आली. या वेळी खंदकाऐवजी रोमन आखाडा होता आणि परिचारिकेचा वेष नव्हता. आठ वर्षांपूर्वी खंदकातून चाललेले जे काही प्रेक्षक त्या वर्षी रांगेत होते, त्यांना आखाड्यातील जखमींवर वाकलेली आकृती दिसताच ती कोण हे कळले. उरलेल्यांना ते आत गेल्यावर कळले.